मंदाची चोरचोळी

औषधाच्या दुकानातल्या गमतीजमती लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. गमती पुष्कळ आहेत. बोईसरच्या बाजारात मी काउंटरमागे उभी राहू लागले तेव्हा औषधाच्या दुकानात बाई ही गोष्टच लोकांना नवी होती. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "शेठ कुठे गेलेत?" शेठ म्हणजे माझे मिस्टर. ते तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टला असायचे. डोकेदुखीची आणि जुलाबाची गोळी शेजारी ठेवली असती तर त्यांना ओळखता आली नसती. फार्मसीचा डिप्लोमा माझा, परवानाही माझ्याच नावावर.

एक उत्तरेकडचा कामगार दर पगाराला यायचा. "बहनजी, ताकत की लाल बोतल दीजिए, पीली में दम नहीं है." दोन्ही बाटल्यांत औषध तेच, रंग तेवढा निराळा. एक आजी नवऱ्याच्या रागावर औषध मागायच्या. मी म्हटलं, "आजी, रागावर औषध नाही हो निघालेलं." तर म्हणतात, "मंग मला बहिरेपणाचं द्या."

हे सगळं लिहून झालं आणि पुढे मंदा आली. पेन थांबलं. दोन दिवस कागद तसाच पडला होता. शेवटी ठरवलं, लिहायचं तर हेच लिहायचं. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

आधी आमचा धंदा सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल. काही औषधांच्या पट्टीवर लाल अक्षरांत छापलेलं असतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. ती सूचना आम्ही दुकानदार रोज वाचतो आणि रोज कात्रीनं कापतो. कारण पुरी पट्टी घेणारं गिऱ्हाईक आमच्याकडे कमी. हवी तेवढी कापून द्यायची, ताप उतरला की बाकीच्या कशाला? त्या काळी डॉक्टरकडे जायचं म्हणजे एक खाडा आणि वर फी. मग माणसं सरळ दुकानात येत. बायका तर शेजारणीच्या संपलेल्या पट्टीचा तुकडा पदराच्या गाठीत बांधून आणत. "हिला गुण आला, हीच द्या." गणपतीच्या आठवडाभर आधी तर रांग लागायची. पूजेत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. पुरुष दुकानदारापुढे हे तोंडातून कसं निघणार? म्हणून सरावलीपासून वाणगावपर्यंतच्या बायका माझ्याकडे यायच्या. मला त्याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

मंदा अशीच आली. सरावलीच्या चाळीत राहायची, नवरा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला. माहेर समुद्रकाठचं, पालघरकडच्या माहीमचं. आईची छोटीशी पानवेलीची वाडी. लग्नाला बरीच वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून ती काउंटरवर वाकली.

"ताई, तुमची मुलगी म्हणे गोळ्यांवर झाली?"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना म्हाईत हाय."

खरं होतं. माझी मुलगी तशाच उपचारानं झालेली. पण त्यासाठी मी मुंबईला एका डॉक्टरीणबाईंकडे वर्षभर खेपा घातल्या होत्या. आधी माझ्या तपासण्या, मग मिस्टरांची, मग गोळ्या. त्याही महिन्यातल्या ठरल्या दिवशी, ठरलेल्याच. दर महिन्याला बाई पोट तपासायच्या. ही गोळी स्त्रीच्या बीजकोशाला डिवचते, बीज तयार कर म्हणून. एखादीचा बीजकोश जास्तच डिवचला जातो, सुजतो, त्याला पाण्याच्या गाठी येतात. तसं दिसलं की पुढच्या गोळ्या बंद. एकदा तर बाईंनी मला दोन महिने थांबवलं होतं आणि मी घरी येऊन रडले होते.

यातलं मंदाला मी काय सांगितलं? एवढंच, की डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, "सासूबाई डॉक्टरकडे नाय जाऊ देत. म्हणतात, दोष निघाला तर गावभर होईल. तुमी द्या ना ताई. तुमी घेतल्याच हायेत." आणि माझा हात डाव्या बाजूच्या कपाटाकडे गेला. त्या क्षणी मला वाटलं, मी हिच्यावर उपकार करतेय.

पुढच्या महिन्यात परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा विचारलं, "एकाच्या जागी दोन घेतल्या तर लवकर गुण येतो का?"

मी म्हटलं, "कधीकधी डॉक्टर वाढवतात."

हे वाक्य खोटं नाही. डॉक्टर वाढवतात. पण मी डॉक्टर नव्हते, आणि ती हे वाक्य हो म्हणून घेऊन जाणार हे मला कळत होतं. आजही दुकानात कुणी काही विचारलं आणि माझ्या तोंडात "कधीकधी" आलं, की मी गप्प होते.

काही दिवसांनी मंदाच्या सासूबाई स्वतः दुकानात आल्या. गोदाकाकी. उंच, हाडापेरानं दणकट, बोलणं बाजारभर ऐकू जाणारं. त्या दिवशी मात्र कुजबुजत होत्या. "ताई, आमच्या मंदीला दिवस गेले. कुणाला बोलू नका. चोरचोळी करतेय, तिनं तुमचं नाव घेतलंन, या."

चोरचोळी म्हणजे गाजावाजा न करता, चार जवळच्या बायकांत गरोदर सुनेला घालायची हिरवी चोळी. दृष्ट लागू नये म्हणून चोरून. रीतीप्रमाणे ती तिसऱ्या महिन्यात करतात. मंदाची पाळी चुकून महिना झाला नव्हता. पण पोट दिसायला लागलं होतं, अन्न ठरत नव्हतं, आणि काकींना धीर धरवत नव्हता. मीही आनंदले. खरं सांगते, मला माझाच पराक्रम वाटला.

दुपारची वेळ. खोलीत पाच-सहा बायका. मंदाची आई माहीमहून पानांची परडी आणि केळीचा घड घेऊन आलेली. मंदाला पाटावर बसवलं होतं. तिचा चेहरा बघितला आणि माझ्या हातातला नारळ जड झाला. गाल बसलेले, ओठ कोरडे, आणि पोट असं ताणलेलं की मागे टेकून बसल्याशिवाय श्वास पुरत नव्हता. चोळीचे खालचे हूक लागेनात.

"शिंपी आंधळा मेला," एक शेजारीण म्हणाली.

"शिंप्याला कशाला बोलतेस? आत दोघं हायेत," गोदाकाकी म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

"मंग पाळणाही दोन मजली करा, काकी!"

"करीन! पोराला सांगते लाकूड आणायला."

मंदाही हसायला गेली आणि तोंडावर पदर धरून मोरीकडे पळाली. "कडक डोहाळे हायेत," बायका कौतुकानं म्हणाल्या. मी तिच्या मागे गेले.

"मंदा, लघवीला कधी गेली होतीस?"

"सकाळपासून नाय झाली ताई. काल पण थोडीच."

"आणि गोळ्या? त्या बंद केल्यास ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "बंद कशाला? गोळ्यांनी राहिलंय, गोळ्या सोडल्या तर पडंल ना?"

तेव्हा मला आठवलं. दहा-बारा दिवसांपूर्वी ती आली होती, दुकानात गर्दी होती, तिनं रिकामी पट्टी पुढे केली आणि मी न विचारता नवी कापून दिली होती. दिवस राहिल्यावरही ती गोळ्या खात होती. आणि दिवस राहिलेत हे तरी कुणी बघितलं होतं? पाळी चुकणं, ओकाऱ्या, पोट वाढणं, ही सगळी त्या सुजेचीही लक्षणं असू शकतात. मुंबईच्या बाईंनी मला हे समजावून सांगितलेलं होतं. त्या खोलीत ते ठाऊक असलेली मी एकटी होते.

मी बाहेर आले आणि काकींना म्हटलं, "पालघरला डॉक्टरीणबाईंना दाखवून घ्या एकदा."

"दाखवायचं काय त्यात? आमी काय डॉक्टरला दाखवून पोरं काढली?"

"पोट जास्त वाटतंय."

"जास्तच पायजे! एवढी वर्षं थांबलो."

मंदा मोरीच्या दारात उभी होती. तिनं मान हलवली. गोळ्यांचं सांगू नका. आणि मी सांगितलं नाही. मला तिची दया आली म्हणून नव्हे. परवाना डोळ्यांपुढे आला. दुकानाची पाटी डोळ्यांपुढे आली. मी मंदाची ओटी भरली, कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि दुकानात परत आले.

शटर उघडलं. एकानं खोकल्याचं मागितलं, मी मलम काढून दिलं. दिवेलागणीच्या सुमाराला मंदाचा नवरा सायकल फेकून आत आला. घामानं निथळत होता.

"ताई, मंदाच्या पोटात कळ मारतेय. लोळतेय नुसती. कळ थांबायची गोळी द्या. आई म्हणते, गरोदरपणात चालंल अशी द्या."

गोळी होती. हाताशीच होती. ती दिली असती तर तो गेला असता आणि पुढचं जे काय झालं असतं त्यात मी नसते. इतकी वर्षं दुकानात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. "गोळी नाही देणार. गाडी बघ. आत्ता पालघरला न्यायचं."

त्याच्या ओळखीचा टेम्पो मिळाला. मागच्या बाजूला गोधडीवर मंदा, तिचं डोकं आईच्या मांडीवर, पाय सासूच्या. प्रत्येक खड्ड्याला ती ओरडायची आणि गोदाकाकी ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या. मंदाची आई नुसती म्हणत होती, "माझी बाय, माझी बाय." मी कोपऱ्यात बसून एकच गोष्ट घोकत होते. डॉक्टरांना सांगायचं. पोचल्याबरोबर सांगायचं.

आणि सांगितलं. डॉक्टरीणबाई तपासायला आत शिरत होत्या, त्यांना बाजूला घेऊन गोळीचं नाव सांगितलं, दोन-दोन घेत होती तेही सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

"कुणी दिल्या?"

"माहीत नाही."

हे दोन शब्द. अर्धं सांगितलं त्यानं मंदाचा जीव वाचला, कारण मूल राखायची औषधं देण्याऐवजी त्यांनी ताबडतोब ऑपरेशनची तयारी केली. उरलेलं अर्धं मी गिळलं.

बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मूल नाहीये. बीजकोश सुजून त्याला पीळ पडलाय, पोटात पाणी झालंय. हिनं मूल होण्याच्या गोळ्या खाल्ल्यात, मनानं. उघडावं लागेल."

गोदाकाकींना पहिल्यांदा कळलंच नाही. मग म्हणाल्या, "मूल नाय? मग आमी चोळी कुणाला घातली?"

काकी स्ट्रेचरपाशी गेल्या आणि वाकून विचारलं, "मंदे, कुणी दिल्या गोळ्या? खरं बोल."

मंदाचे डोळे उघडे होते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. मग तिनं डोळे मिटले. "आईनं," ती म्हणाली. "माहीमहून आणल्या."

तिची आई तिथंच होती. तिचं तोंड उघडं राहिलं. ती काही बोलणार तोवर स्ट्रेचर आत गेलं.

मंदा वाचली. एका बाजूचा बीजकोश काढावा लागला. दुसरा आहे, त्यावर मूल होऊ शकतं, पण आधी नवऱ्याला तपासा, असं बाईंनी सांगितलं. ते तपासणं कधी झालं नाही. मूलही झालं नाही.

मंदाच्या आईला गोदाकाकींनी दवाखान्याच्या पायरीवरूनच परत पाठवलं. सरावलीत पाय ठेवायचा नाही. मंदाला वर्षातून एकदा माहीमला धाडायच्या, चार दिवस, बस. आणि माझं काय झालं? काकी चाळीत सांगत सुटल्या की दुकानवाल्या ताईंनी गाडी करायला लावली म्हणून आमची सून दिसतेय. नवी गिऱ्हाइकं यायला लागली. दिवाळीला काकी स्वतः करंज्यांचा डबा घेऊन येत. मी तो घेत असे.

मंदाची आई बाजाराला आली की दुकानात डोकवायची. पहिल्या वर्षी म्हणाली, "मला वाचता नाय येत ताई, मला गोळ्यांतलं काय कळतंय? तुमी सांगा ना विहीणबाईंना. तुमचं ऐकतील." मी म्हटलं, सांगते. पुढच्या वर्षी तिनं विचारलं नाही. तिनं मंदाला खोटं पाडलं नाही, माझ्यावर संशय घेतला नाही. पानांची जुडी ठेवायची आणि जायची.

चिठ्ठीशिवाय ती गोळी मी पुन्हा कधी दिली नाही. त्यावरून भांडणं झाली, गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. लोकांना वाटलं, ताई आता मोठ्या झाल्या, भाव खातात. मला वाटायचं, हे माझं प्रायश्चित्त. पण प्रायश्चित्त कसलं? जिचा काही दोष नव्हता ती बाई माहीमला भोगतच होती.

असं दहाएक वर्षं चाललं. गेल्या उन्हाळ्यात मंदाची आई डोळ्यांचं औषध घ्यायला आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं. थेंबांची बाटली चाचपत म्हणाली, "ताई, तुमी जाता ना मंदीकडे? चाळीतच नवी खोली घेतलेन म्हणे. रंग कोणता हाय गो भिंतींना? खिडकी हाय का? आता मला बोलावलंन तरी दिसायचं नाय, तुमी सांगा."

काकींनी वास्तूला बोलावलं होतं तेव्हा बघितलेलं, ते मी सांगायला लागले. हिरवट रंग आहे, खिडकी पूर्वेला, खिडकीत तुळस. सांगता सांगता मी खिडकी पश्चिमेला नेली, परत पूर्वेला आणली. ती बिचारी म्हणाली, "पाणी प्या ताई, ऊन लागलं वाटतं."

त्याच दुपारी मी दुकान बंद करून सरावलीला गेले. गोदाकाकी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, मंदा शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलत होती.

"या, या! ताईंना पाणी दे गो."

"पाणी नको. काकी, त्या गोळ्या मंदाच्या आईनं दिल्या नव्हत्या. मी दिल्या होत्या. माझ्या दुकानातून. दर महिन्याला."

काकींचा हात सुपात थांबला. मला वाटलं होतं, त्या ओरडतील, चाळ गोळा होईल. मी त्याची तयारी करून आले होते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मंदाकडे बघितलं.

"आईचं नाव का घेतलंस गो?"

मंदा शेंगा सोलत राहिली. मी मधे पडले, "तिनं मला वाचवलं, काकी. माझं दुकान जाऊ नये म्हणून..."

"तुम्हाला कशाला वाचवू?" मंदा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुमचं नाव घेतलं असतं तर दुकानाला टाळं लागलं असतं. मग बरी झाल्यावर मला गोळ्या कुणी दिल्या असत्या? मला परत घ्यायच्या होत्या ना. आईचं काय, आई कुठे जाणार होती? आज ना उद्या सांगीन, असं म्हणत ऱ्हायले." तिनं शेंग बाजूला ठेवली. "आले पण होते मी तुमच्याकडे परत. तुमी आतूनच नाय म्हणून सांगितलंत. बाहेर पण नाय आलात."

हे मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण खरं असणार. त्या दिवसांत मंदाची चाहूल लागली की मी आतल्या खोलीत जात असे.

गोदाकाकी उठल्या. गुडघे दुखतात त्यांचे, पण त्या दिवशी भिंतीचा आधार घेतला नाही. "चल, लुगडं बदल," त्या मंदाला म्हणाल्या. "माहीमची बस मिळंल अजून."

"आत्ता?"

"मग कधी? म्हातारी आंधळी होत चाललीय म्हणे."

कुणाकडून कळलं होतं त्यांना, कोण जाणे. मंदा आत गेली, साडी बदलून आली. दोघी माझ्या समोरून गेल्या. मला कुणी चल म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. बस स्टॉपकडे जाताना काकींनी मंदाचा दंड धरला होता, आधाराला की रागानं ते पाठमोरं कळत नव्हतं.

त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की घर उघडंच आहे. कुलूप कुठे असतं मला ठाऊक नव्हतं. मी ओट्यावर बसले. सुपातले तांदूळ कोंबड्या येतील म्हणून आत ठेवले, शेंगा ठेवल्या. पाच वाजता इस्टेटीचा भोंगा झाला. आता मंदाचा नवरा येणार, घरात कुणी नाही बघून विचारणार, ताई, सगळ्या कुठे गेल्या? आणि मला परत पहिल्यापासून सांगावं लागणार होतं.